कधीच शाळेत न गेलेल्या स्पॅनिश भाषक प्रौढांचा वर्ग: आधी स्पॅनिश की थेट इंग्रजी?

फ्रेझ्नोकर

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळच्या एका गावी वाचनालयाच्या खोलीत साक्षरता वर्ग सुरू होतोय. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी दीड-दीड तास. नऊ जणांनी नावं दिली आहेत, वयं ३४ ते ६१. सात जण मेक्सिकोचे, त्यातले बरेचसे वाहाका राज्यातले. दोघी ग्वातेमालाच्या. सगळे द्राक्षमळ्यात नाहीतर पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला. स्पॅनिश सगळे बोलतात, पण कोणी दुसरीपर्यंत शिकलंय, कोणी शाळेची पायरीही चढलेलं नाही. इंग्रजीच्या मोफत वर्गात टिकत नाहीत, कारण तिथे पहिल्याच दिवशी 'फळ्यावरचं उतरवून घ्या' असं सांगतात.

प्रश्न असे: आधी स्पॅनिश वाचायला शिकवायचं की वेळ वाचवून थेट इंग्रजी? सुरुवात मुळाक्षरांनी की शब्दांनी? कोणाला किती येतं हे त्यांना न दुखावता कसं ओळखायचं? आणि साधी चिठ्ठी वाचता येण्याइतपत मजल मारायला किती महिने धरावेत?

बोरूवाला

आधी स्पॅनिश. यात वेळ वाया जात नाही, वाचतोच.

वाचताना चिन्हावरून आवाज काढायचा आणि त्या आवाजावरून आपल्या डोक्यातला शब्द ओळखायचा असतो. इंग्रजीत शिकवलंत तर आवाज निघेल, पण ओळखायला शब्दच नसेल. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा अवतार तुम्हाला माहीत आहेच. स्पॅनिशमध्ये स्वर पाच आणि प्रत्येकाचा आवाज ठरलेला. एकदा ही गाठ सुटली की ती रोमन लिपीतल्या पुढच्या भाषेलाही कामी येते. बोली इंग्रजी हवी असेल तर शेवटची दहा मिनिटं तोंडी घ्या, फळ्यावर लिहू नका.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. वाहाका आणि ग्वातेमाला म्हणताय, म्हणजे स्पॅनिश ही त्यांची मातृभाषा असेलच असं नाही. वाहाकातून येणाऱ्यांची घरची भाषा मिस्तेको, सापोतेको किंवा त्रिकी असू शकते. ग्वातेमालातून येणाऱ्यांची माम किंवा किचे. 'लहानपणी आईशी कोणत्या भाषेत बोलायचात?' एवढं विचारा. विचारताना 'दियालेक्तो' हा शब्द टाळा. मेक्सिकोत आदिवासी भाषांना कमी लेखायला तो वापरतात; 'इदियोमा' म्हणा. अशा लोकांच्या स्पॅनिशमध्ये लिंग-वचनाच्या चुका दिसतील, त्या वाचनाच्या चुका नव्हेत, तिथे अडून बसू नका. त्यांना चित्रावरच्या गप्पांसाठी दुप्पट वेळ द्या, कारण नवा शब्द वाचण्याआधी तो त्यांच्या तोंडात बसावा लागतो. (एक्वादोर किंवा पेरूचे किचवा-केचुआ भाषक आले तर ए-इ आणि ओ-उ यांची अदलाबदल होणार. त्यांच्या भाषेत स्वरच तीन आहेत.)

चाचणीचं म्हणाल तर 'चाचणी' हा शब्दही काढू नका. एकेकाला बाजूला बसवून पाच-सात मिनिटं बोला. किती वर्षं शाळेत गेलात? नाव लिहून दाखवाल? मग त्या नावातलीच दोन अक्षरं बोटाने दाखवून विचारा. ते जमलं तर 'मेसा', 'सोल', 'पापा' असे सहा सुटे शब्द. तेही जमले तर दोन ओळींची सूचना, आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी लेखन. जिथे पहिल्यांदा अडखळतील तिथे हसतमुखाने थांबायचं, पुढची पायरी दाखवायचीच नाही. 'चष्मा घरी विसरलो' असं उत्तर हमखास येईल. अर्ध्या वेळा त्याचा अर्थ 'वाचता येत नाही' असा असतो आणि अर्ध्या वेळा खरंच चष्मा लागलेला असतो. म्हणून +१.५०, +२.०० आणि +२.५० चे स्वस्त वाचायचे चष्मे पेटीत ठेवा. चाळिशीपुढच्या माणसाला चष्म्यावाचून अक्षर दिसत नसेल तर सगळी पद्धत फुकट.

नऊ जणांचे दोन गट पडतील: अक्षरओळख नसलेले, आणि अडखळत वाचणारे पण लिहू न शकणारे. तिसरा गट करायचा मोह टाळा, एका शिक्षकाला तो झेपत नाही.

पाटीपेन्सिल

वरच्याशी सहमत. सुरुवात मुळाक्षरांनीही नको आणि नुसत्या शब्दांनीही नको. लॅटिन अमेरिकेत जुनी, मुरलेली पद्धत आहे ती 'पालाब्रा हेनेरादोरा'ची, म्हणजे ज्यातून दुसरे शब्द जन्माला येतात असा बीजशब्द. पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या अंगिकोस गावात ३०० जणांना ४० तासांत शिकवण्याचा जो प्रयोग केला तो याच जातीचा, फक्त पोर्तुगीजमध्ये. मेक्सिकोची प्रौढशिक्षण संस्था इनेआ १९८१ पासून आहे आणि तिच्या आरंभीच्या पुस्तकाचं नावच 'ला पालाब्रा' आहे.

पहिला शब्द 'पाला' घ्या. आपला पालापाचोळा नव्हे, फावडं. नव्वद मिनिटं साधारण अशी जातात.

पहिली दहा मिनिटं मागचं वाचन (पहिल्या दिवशी नावांचे कागद). मग पंधरा मिनिटं फावड्याच्या चित्रावर गप्पा: कुठलं फावडं, कशाला, पाठ कोणाची दुखते. त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य फळ्यावर लिहून ठेवायचं, वाचायला लावायचं नाही. मग वीस मिनिटं खरा शब्द. 'पाला' अख्खा लिहायचा, खालून बोट सरकवत चार-पाचदा वाचायचा. टाळ्या वाजवून तोडायचा: पा, ला. दोन टाळ्या. मग प्रत्येक तुकड्याचं कुटुंब खाली मांडायचं: पा पे पि पो पु, ला ले लि लो लु.

पुढची वीस मिनिटं कार्डांची. तीन बाय पाच इंची कार्ड मधोमध कापा, जाड मार्करने लहान लिपीत एकेक तुकडा लिहा. दोघांत एक संच, दहा कार्डं, शिवाय पाच सुटे स्वर. त्यांनी शब्द जुळवायचे. पालो (काठी), पेलो (केस), पिला (बॅटरी), लुपा (भिंग), ओला (लाट), आला (पंख), आणि लुपे, म्हणजे ग्वादालुपेचं लाडकं नाव. वर्गात एखादी लुपे असण्याची शक्यता दांडगी. अर्थ नसलेले शब्दही जुळतील, उदाहरणार्थ 'लेपु'. ते चूक म्हणून काढू नका, 'असा शब्द आहे का?' एवढं विचारा. वाचता आलं म्हणूनच तो निरर्थक आहे हे कळलं ना!

मग पंधरा मिनिटं लेखन. पहिल्या दिवशीचं वाक्य तयारच आहे: 'लुपे पेला ला पापा', लुपे बटाटा सोलते. सगळं वाक्य पे आणि एले या दोनच व्यंजनांवर उभं आहे. आयुष्यातलं पहिलं वाक्य पहिल्याच संध्याकाळी वाचून घरी गेलेला माणूस गुरुवारी परत येतो. शेवटची दहा मिनिटं त्यांनी खिशातून आणलेल्या कागदाला: पगाराची चिठ्ठी, शाळेचं पत्र, काहीही. त्यात ओळखीचा तुकडा शोधायचा, बस.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो. 'पापा' म्हणजे बटाटा, पण शेवटच्या आ-वर तिरपी रेघ आली की बाप. वर्ग हसणारच. त्या हशातच सांगून टाका की रेघ म्हणजे 'इथे जोर द्या'. आघाताचे नियम मात्र दोन-तीन महिने काढू नका.

एका शब्दात नवी व्यंजनं जास्तीत जास्त दोन, आणि एका शब्दाला एक आठवडा. दुसरा 'मेसा' (टेबल), तिसरा 'तोमाते'. एवढ्यावर पाच व्यंजनं आणि पंचवीस तुकडे हाती येतात आणि सोपा, पालेता, मालेता, पेलोता, मोले, मासा असे शब्द वाचता येतात. (मासा म्हणजे मक्याचं भिजवलेलं पीठ. आपल्या जिभेवर वेगळंच येतं, इलाज नाही.) मग एने, दे, एरे एकेक करून येऊ द्या आणि त्यानंतर 'दिनेरो', म्हणजे पैसा. हा शब्द कोणालाही परका नसतो. द्राक्षमळ्यातल्या लोकांना 'उवा' (द्राक्ष) हा पहिला शब्द द्यावासा वाटेल. देऊ नका. त्यातला 'वे' (व्ही) उच्चारात 'बे'च (बी) असतो, पहिल्याच आठवड्यात ती भानगड नको.

बिघडतं कुठे? मुख्य बिघाड असा की लोक 'पा पे पि पो पु' गाण्यासारखं पाठ करतात आणि मास्तरला वाटतं, वाचतायत. ओळ उलटसुलट करा: पो, पा, पु. अडखळले तर समजा, ते वाचत नव्हते, म्हणत होते. दुसरा बिघाड बंद अक्षरांचा, म्हणजे व्यंजनाने संपणाऱ्या तुकड्यांचा. 'सोल्दादो'तला मधला एल गळून 'सोदादो' होतो, 'कान्तो'चं 'कातो'. यासाठी आल, एल, इल आणि आन, एन, इन अशी उलटी कुटुंबं वेगळी घ्यावी लागतात, साधारण सहाव्या शब्दानंतर. तिसरा, शब्द चिकटवून लिहिणं: 'आ मी मे गुस्ता'चे चार शब्द एका दमात. यावर कागदाची पट्टी उत्तम. वाक्य पट्टीवर लिहा, कात्रीने शब्द सुटे कापा, तेच वाक्य पुन्हा लावायला सांगा, दोन तुकड्यांत एका बोटाची जागा.

फ्रेझ्नोकर

हे सगळं आपल्या बाराखडीसारखंच वाटतंय. मग मुळाक्षरांचा तक्ता पहिल्या दिवशीच भिंतीवर लावू का? आणि अक्षरांची नावं, आ-बे-से, कधी शिकवायची?

ळचा लळा

तक्ता लावा, पण त्याकडे बोट दाखवू नका.

बाराखडीशी साम्य आहे आणि तिथेच आपली मराठी माणसं फसतात. आपल्या 'पा'मध्ये काना 'प'ला लगटलेला असतो, एक चिन्ह म्हणून डोळ्यात भरतो. रोमनमध्ये पे आणि आ ही दोन सुटी अक्षरं शेजारी उभी असतात आणि त्यांचा जोड वाचणाऱ्याने डोक्यात करायचा असतो. आपल्याला तो जोड आपोआप होतो म्हणून नवशिक्याची अडचण दिसत नाही. म्हणूनच तुकडा एकसंध दाखवायचा, अक्षरं सुटी करायची ती नंतर.

अक्षरांची नावं तिसऱ्या महिन्यात, शब्द सांगून लिहून घ्यायची वेळ येईल तेव्हा. आधी शिकवलीत तर 'एमे आ' मिळून 'एमेआ' वाचणारे भेटतील. एमेचा आवाज 'एमे' नाही, ओठ मिटून 'म्' आहे. तक्ता निवडताना अक्षरं मोजा. जुन्या तक्त्यांत २९ असतात, कारण चे (सी-एच) आणि एये (डबल एल) ही दोन जोडाक्षरं वेगळी धरत. २०१० च्या अधिकृत शुद्धलेखनानुसार २७. दोन्ही तक्ते एकाच खोलीत नकोत. आणि 'बे' व 'वे' यांना मेक्सिकन लोक 'बे ग्रांदे' आणि 'वे चिका' म्हणतात, म्हणजे मोठा बे आणि लहान वे. तुम्हीही तसंच म्हणा.

आता कठीण जागा. त्यांच्या तोंडी आवाज एक पण अक्षरं दोन-तीन, अशा चार मुख्य जागा आहेत. बे आणि वे एक. एसे (एस), सेता (झेड) आणि ए-इच्या आधीचा से (सी) एक. एये आणि ये (वाय) बहुतेकांच्या बोलण्यात एक. ए-इच्या आधी 'हे' (जी) आणि 'होता' (जे) एक. भर म्हणून आचे (एच) पूर्ण मुका. म्हणून 'आसेर' (करणे) लिहिताना सुरुवातीचा मुका आचे गळणार आणि मधल्या से-च्या जागी एसे येणार. 'के' (काय) हे कु-ऊ-ए (क्यू-यू-ई) असं लिहायचं असतं, ते नुसतं का-ए (के-ई) असं लिहितील. 'इबा' (जात होतो) वे चिकाने लिहितील. हे आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखं समजा: वाचणाऱ्याला कळतं, मग सुरुवातीला लाल पेन खिशातच बरं. पहिले तीन महिने या चुका मोजायच्याच नाहीत. मात्र स्वर चुकला, तुकडा गळला, क्रम उलटला तर लगेच त्या तुकड्याच्या कार्डाकडे परत जायचं.

का-के-कि-को-कु हे कुटुंब अक्षरानुसार नव्हे, आवाजानुसार शिकवा. का, को, कु से-ने; के आणि कि कु-ऊ ने; पाची एकाच ओळीत. गा-गे-गि-गो-गु तसंच, मधल्या दोघांत मुका ऊ. त्या ऊ-वर दोन टिंबं आली की तो बोलू लागतो. त्याचं नेहमीचं उदाहरण 'वेर्ग्वेन्सा', म्हणजे लाज. या वर्गात हा शब्द जरा जपूनच घ्यावा.

एरेकडे लक्ष द्या. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. लिहिताना दुसऱ्यात एरे दोनदा. शब्दाच्या सुरुवातीला मात्र एकच लिहितात आणि वाजतो तो जाड, जसं 'रोसा'. विद्यार्थ्यांचा कान इथे तुमच्यापेक्षा चांगला आहे, तुम्ही चुकलात तर त्यांना सुधारू द्या. स्पेनमध्ये बनवलेले व्हिडिओ वापरू नका. तिथे सेताचा उच्चार जीभ दातांत घेऊन वेगळा करतात आणि 'सापातो' एसेने का लिहायचा नाही हे त्यावरून कळतं, पण मेक्सिकन माणसाला ते आपलं वाटत नाही.

टाईपही बघा. छापील लहान 'आ' आणि हाताने लिहिलेला 'आ' यांचे आकार वेगळे असतात. नवशिक्याला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. कॉमिक सॅन्स किंवा सेंच्युरी गॉथिकमध्ये हाताच्या वळणाचा 'आ' आहे. अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. बे आणि दे एकाच आठवड्यात नकोत, आरशातली भावंडं आहेत ती.

रानवारा

सगळे एकाच पद्धतीचे भक्त दिसतायत. क्यूबाची 'यो, सी पुएदो' (होय, मला जमतं) कोणीच सांगितली नाही. तिथल्या शिक्षणतज्ज्ञ लेओनेला रेलिस यांनी २००१ मध्ये रचलेली, ६५ चित्रफिती, सोबत एक पातळ पुस्तिका आणि मदतनीस. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला. आ १, ए २, इ ३, ओ ४, ऊ ५, आणि पुढे व्यंजनं. तर्क असा की अक्षर न येणाऱ्यालाही आकडे ओळखता येतात, कारण पैसे मोजावेच लागतात. व्हेनेझुएलात २००३ च्या 'मिसिओन रोबिन्सोन' या साक्षरता मोहिमेत आणि पुढे बोलिव्हियात हीच वापरली. २००६ मध्ये युनेस्कोचा राजा सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. शिक्षक अप्रशिक्षित असेल तर चित्रफीत त्याला सावरून धरते, हा मोठा फायदा.

आणि स्पॅनिश साक्षरतेचा विषय काढून १९६१ ची क्यूबाची मोहीम सोडता येत नाही. वर्षभरात ७ लाखांहून अधिक प्रौढ शिकले, २२ डिसेंबरला देश 'निरक्षरतामुक्त' जाहीर झाला. तिथल्या पुस्तिकेचा पहिला धडा तीन स्वरांचा होता: ओ, ए, आ. हीच अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची स्पॅनिश आद्याक्षरं. स्वरही शिकवले आणि राजकारणही, एका दगडात दोन पक्षी. निकाराग्वाने १९८० च्या आपल्या मोहिमेत पहिला शब्द 'ला रेवोलुसिओन' (क्रांती) घेतला, त्यात पाचही स्वर येतात.

पाटीपेन्सिल

रानवारा, पद्धत वाईट नाही, पण फ्रेझ्नोकरांच्या खोलीसाठी नाही. एक म्हणजे, चित्रफिती क्रमाने चालतात. तोडणीच्या दिवसांत माणूस तीन आठवडे गायब झाला की तो ११ व्या धड्यावर आणि वर्ग १७ व्या. बीजशब्दाच्या पद्धतीत तो कार्डं घेऊन परत शिरू शकतो. दुसरं, आकडा ही कुबडी आहे. काहीजण अक्षर विसरून आकडाच लक्षात ठेवतात, आणि ती कुबडी कधी काढायची हे मदतनिसाला कळावं लागतं. बंद अक्षरं आणि जोडाक्षरं आली की आकड्यांची रांग लांबते ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र त्यातून उचला: प्रत्येक धड्याची बांधणी रोज तीच. प्रौढाला पुढे काय येणार हे माहीत असलं की तो बिचकत नाही.

किल्लीवाली

पद्धतीवर बोलून झालं असेल तर खोलीकडे या. वर्ग पद्धतीमुळे मोडतो त्यापेक्षा खोलीमुळे जास्त मोडतो.

हजेरीला पहिलं नाव आणि एक फोन नंबर पुरे. पत्ता नाही, जन्मतारीख नाही, कागदपत्रांचा तर विषयच नको. जे लिहूनच ठेवलं नाही ते कोणी मागू शकत नाही. वाचनालयाचं कार्ड सक्तीचं करू नका. कोणी ऑफिसात 'फॉर्म भरल्याशिवाय खोली नाही' म्हणालं तर फॉर्म तुमच्या नावावर भरा.

दारावर 'निरक्षरांचा वर्ग' अशा अर्थाची पाटी लावू नका. 'क्लासे दे एस्पान्योल' पुरे. तसंही ते पाटी वाचून येणार नाहीत, म्हणून पत्रकांवर पैसे घालवू नका. स्थानिक स्पॅनिश रेडिओ, चर्चमध्ये मिस्सानंतरची सूचना, पाळीच्या मुकादमाला सांगणं, आणि व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप. लेखी निरोप कधीच नको, घरच्या मुलाकडून वाचून घ्यावा लागतो आणि माणूस ओशाळतो.

सगळ्यांना 'उस्तेद'. तुम्ही-आम्ही मराठीत जो 'तुम्ही' म्हणतो तोच मान. मोठ्यांच्या नावाआधी मानाचं 'दोन्या' (बाईला) किंवा 'दोन' (पुरुषाला) लावा: दोन्या लुपे, दोन होसे. ते तुम्हाला 'माएस्त्रा' किंवा 'माएस्त्रो' म्हणतील, नाव घ्या म्हणून आग्रह धरू नका.

लहान मुलांची पुस्तकं, अस्वलाची चित्रं, तारे-स्टिकर, सगळं बाहेर. पेन्सिल जाड, तिकोनी, मऊ शिशाची. कात्री धरून घट्टे पडलेल्या हाताला बारीक पेन्सिल निसटते आणि कागद फाटतो. दुरेघी वही मधल्या तुटक रेघेची. पहिले दोन आठवडे लिहिताना हात दुखतो, दर दहा मिनिटांनी सोडवायला सांगा.

शेजारच्या खोलीत मुलांना बसवायची सोय केलीत तर आयांची हजेरी टिकते. ते नसेल तर निदान मुलांना आत येऊ द्या, पण मुलांनी आईच्या वतीने उत्तर द्यायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी. ऑगस्ट ते ऑक्टोबर द्राक्ष-बेदाण्याचा हंगाम. तेव्हा नवा शब्द घेऊ नका, उजळणी ठेवा. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा (मेरीचा) सण, १६ ते २४ पोसादा, म्हणजे नाताळाआधीच्या मिरवणुका. त्या दोन आठवड्यांत वर्ग सरळ बंद ठेवा, रिकाम्या खुर्च्यांना शिकवण्यापेक्षा बरं.

बोरूवाला

किल्लीवालींनी लिहिलंय त्यात फॉर्मची भर घालतो, कारण शिकणाऱ्याला खरी गरज तीच असते.

नाव हा पहिला मजकूर. स्पॅनिश भाषकाला आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं. अमेरिकन फॉर्मला 'लास्ट नेम' एकच हवं असतं. कोणी दुसरं लिहितो, कोणी दोन्ही, आणि तीन कार्यालयांत तीन माणसं तयार होतात. ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, पाठ करून घ्या. 'एर्नांदेस'च्या सुरुवातीचा मुका आचे आणि शेवटचा सेता इथे माफ नाही. ओळखपत्रावरच चूक असेल तर चुकीसकट शिकवा, दुरुस्ती हा वकिलाचा विषय. फॉर्मवर 'लेत्रा दे मोल्दे' म्हणजे सुटी छापील अक्षरं लागतात, म्हणून नावापुरती मोठी लिपी पहिल्या महिन्यातच.

तारीख: ०३/०७ म्हणजे मेक्सिकोत ३ जुलै, इथे ७ मार्च. दवाखान्याची वेळ चुकते ती बहुतेक यामुळे. महिना अक्षरांनी लिहायची सवय लावा.

आणि औषधाची बाटली. इंग्रजीत 'एकदा' याला जो शब्द आहे, त्याचं स्पेलिंग आणि स्पॅनिश 'ओन्से' याचं स्पेलिंग हुबेहूब एक, आणि ओन्से म्हणजे अकरा. 'दिवसातून एकदा' हे नव्याने वाचायला शिकलेला माणूस अकरा असं वाचू शकतो. स्पॅनिश वाचायला शिकवलंत म्हणून हा धोका वाढतो, कमी होत नाही! त्यामुळे फार्मसीत स्पॅनिश लेबल मागायला शिकवणं हा धड्याचाच भाग समजा.

वेळेचं: आठवड्याला तीन तास आणि बरी हजेरी असेल तर उघडी अक्षरं आणि छोटी वाक्यं तीन-चार महिन्यांत, बंद अक्षरं आणि जोडाक्षरांसह साधी चिठ्ठी आठ ते दहा महिन्यांत धरा. लेखन त्याच्या मागे दोन-तीन महिने. शून्यातून आलेल्या साठीच्या माणसाला याहून जास्त लागेल. त्यानंतर वर्ग थांबवू नका. आपल्याकडे १९५९ ला साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर जाहीर झाली, आणि वाचायला पुढे काही नसल्याने कित्येकजण परत कोरे झाले. आठवड्याला एक तास वाचन चालू ठेवा: पगाराची चिठ्ठी (पागार म्हणजे पैसे चुकते करणं, आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, घराणं एकच), पाककृती, फुटबॉलचे निकाल.

पुढची वाट हवी असेल त्यांना मेक्सिकन वकिलातीच्या सहकार्याने चालणाऱ्या 'प्लासा कोमुनितारिया' दाखवा. तिथे इनेआच्या अभ्यासक्रमाने प्राथमिक आणि माध्यमिकचं मेक्सिकन प्रमाणपत्र मिळवता येतं. त्याही पुढे जीईडी (अमेरिकेतली बारावीच्या तोडीची परीक्षा) स्पॅनिशमध्ये देता येते, चार विषय, प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला १४५.

नागरिकत्वाबद्दल गैरसमज फार आहेत. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची अट नाही, नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा दुभाष्याबरोबर स्वतःच्या भाषेत देता येते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. ६५ वय आणि २० वर्षं असतील तर छोटी यादी २० प्रश्नांची, विचारतात १०, हवेत ६. तुमच्या ६१ च्या सदस्याने चार वर्षं थांबायचं की आत्ताच अर्ज करायचा, हे मात्र वकिलालाच विचारायला लावा.

फ्रेझ्नोकर

खूपच मिळालं. शेवटचं एकच. ग्वातेमालाच्या दोघींची घरची भाषा माम निघाली, आणि एकीचं स्पॅनिश अगदी कामापुरतं आहे. तिला याच वर्गात ठेवू?

बोरूवाला

ठेवा, दुसरीच्या शेजारी बसवा. दोघी आपसात माममध्ये बोलल्या तर थांबवू नका, तोच तुमचा दुभाषी आहे. तिच्या कार्डांच्या मागे चित्र काढा, म्हणजे 'पिला' वाचल्यावर ते काय आहे हे तिला विचारावं लागणार नाही. आणि पहिल्या महिन्यात बीजशब्द असेच घ्या जे खोलीत हातात धरून दाखवता येतात: फावडं, टेबल, टोमॅटो. 'दिनेरो'च्या वेळी पाचाची नोट न्या.

किल्लीवाली

नोट परत घ्यायला विसरू नका.

पाटीपेन्सिल

आणि तिच्यासाठी 'लुपे पेला ला पापा' करताना खरा बटाटा आणि सोलणं (पीलर) न्या. वाचनालयवाले सुरी आत नेऊ देणार नाहीत.